दोन गाठींची वायर

कल्पना कर, वर्गात प्रश्न विचारला गेलाय आणि उत्तर तुला येतंय. अगदी जिभेच्या टोकावर आहे. पण उठवलंय दुसऱ्याच कुणाला तरी, आणि तो नुसता उभा आहे, खिडकीकडे बघतोय, नखाने बाक खरवडतोय. तुला हात वर करायची परवानगी नाही. कुजबुजायचीही नाही. त्या वेळी पोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळल्यासारखं होतं ना, ते नीट आठव. घाई नको, मी थांबतो. आठवलं? आता तेच दुखणं एका मोठ्या माणसाच्या पोटात ठेव. चांगला थोराड माणूस आहे, लिफ्ट दुरुस्त करतो, हाताला ग्रीसचा वास असतो आणि तो कुठल्याच साबणाने पुरता जात नाही. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातलाय आणि एका शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत तो भिंतीला लागून बसलाय. खुर्ची मुलांच्या मापाची, त्यामुळे गुडघे पार छातीपाशी आलेत. त्याला सांगितलंय, बसा, पण बोलायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही. आणि जिला उठवलंय, ती त्याची मुलगी आहे.

मुलीला घरात मुंगी म्हणतात. तिला जन्मापासून दिसत नाही. ती रांगत होती तेव्हा तिची बोटं भिंतीवरून, कपाटावरून, पाहुण्यांच्या नाकावरून अशी एकामागून एक चालत जायची की आजी म्हणाली, ‘ही तर मुंगी’, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती पाचवी संपवून या मोठ्या शाळेच्या प्रवेश परीक्षेला आली होती. तिच्यासमोर टेबलावर शाळेचा कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरसमोर तिची स्वतःची ब्रेल पट्टी. ही पट्टी म्हणजे कंपासपेटीहून थोडी मोठी वस्तू. तिच्या पुढच्या कडेला बारीक टाचण्यांची रांग असते. टाचण्या वर येतात, खाली जातात, आणि बोटाखाली अक्षरं तयार होतात. वरच्या बाजूला बटणं असतात, ती दाबून लिहायचं. मुलगी लिहील ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर साध्या अक्षरांत उमटतं, म्हणजे तपासणाऱ्यालाही वाचता येतं. पण त्यासाठी पट्टी आणि कॉम्प्युटर यांची वायरीतून ओळख व्हावी लागते. मुंगीने वायर पट्टीत खोचली, दुसरं टोक कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या खाचेत बसवलं, बटण दाबलं, आणि पडदा वाचून दाखवणारा कॉम्प्युटरमधला आवाज, ज्याला कशाचंच सुखदुःख नसतं तो आवाज, म्हणाला, “ब्रेल पट्टी सापडली नाही.”

“ओळखतच नाहीये हे,” कॉम्प्युटरचे सर म्हणाले. सर भले माणूस होते, पोट जरा सुटलेलं, बोलणं मोकळं. “होईल गं, जुनं यंत्र आहे, थोडं आढ्यताखोर. ओळख द्यायला वेळ लावतं.” मग भिंतीकडे बघून, “आणि तुम्ही हो, खुर्ची सांभाळा. मोडलीत तर दुरुस्तीही तुम्हालाच करावी लागेल.” मुंगी हसली. बाबा हसला नाही. त्याचं लक्ष मुंगीच्या शेजारच्या खुर्चीकडे होतं. तिथे वरच्या वर्गातली एक ताई बसली होती, हातात नुकतंच टोक केलेली पेन्सिल, समोर कोरे कागद. ती लेखनिक. मोठ्या बाईंनी अट स्वच्छ सांगितली होती. मुलीने आपलं यंत्र आपण जोडायचं, कुणाची मदत घ्यायची नाही; एखादी वस्तू मागितली तर चालेल, पण काय बिघडलंय ते कुणी सांगायचं नाही. परीक्षेची घंटा व्हायच्या आत चालू झालं तर ती त्यावर लिहील, आज आणि पुढेही. नाही झालं तर ती तोंडाने सांगेल आणि लेखनिक लिहील, आज आणि पुढेही. ‘शाळेला रोज उठून तारा जोडत बसता येणार नाही,’ मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, आणि त्यात दुष्टपणा नव्हता, नुसतं काम होतं.

लेखनिक म्हटलं की बाबाला पाखरं आठवायची. मागच्या वर्षी जुन्या शाळेत निबंध होता, ‘माझा आवडता आवाज’. मुंगीने लेखनिकाला सांगितलं होतं की लिफ्ट थांबायच्या आधी एक श्वास घेते, तो आवाज मला आवडतो, कारण त्यानंतर दार उघडतं. आणि निबंध वर्गात वाचून दाखवला गेला तेव्हा त्यात सकाळच्या पाखरांचा मंजुळ किलबिलाट होता. टाळ्या पडल्या. शाबासकी मिळाली. मुंगी घरी आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, “बाबा, पाखरं कुठून आली? मी पाखरांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.” तिची आई, जी रुग्णालयातून नुकतीच ड्यूटी संपवून आली होती आणि पाय बादलीत सोडून बसली होती, म्हणाली, “अगं, त्या बिचारीने चांगलंच केलं ना तुझं?” “चांगलं केलं,” मुंगी म्हणाली, “पण माझं नाही केलं.” बाबाला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला की त्याने दुसऱ्या दिवशी ते लिफ्टच्या उभ्या पोकळीत, शाफ्टमध्ये, लोंबकळत असताना सोबतच्या माणसाला ऐकवलं, आणि त्या माणसाने ‘हं’ म्हणून पाना मागितला. त्यानंतरच पट्टी घ्यायचं ठरलं. आई जादा ड्यूट्या घ्यायला लागली आणि तो रविवारीही लिफ्टच्या डोक्यावर चढायला लागला.

मुंगीची बोटं आता कामाला लागली होती. ती घाबरली की गप्प होत नाही, उलट पुटपुटते. हे त्याला माहीत होतं. “पट्टी चालू आहे,” ती स्वतःशी म्हणाली. वायर लावली की पट्टी एकदा थरथरते, म्हणजे वीज पोचली. थरथरली होती. तिने वायर काढली, खाचेत फुंकर मारली, परत लावली. थरथर. पण कॉम्प्युटर गप्प. कॉम्प्युटरला कुणी भेटायला आलं की तो दोन सूर काढतो, एक खालचा, एक वरचा, जाताना उलटे. ते सूर आले नव्हते. “सर, तुमच्याकडे पेन ड्राइव्ह आहे?” सरांनी खिशातून काढून दिला. तिने तो त्याच खाचेत घातला आणि दोन सूर वाजले, स्वच्छ, दारावरच्या बेलसारखे. “म्हणजे दार बरोबर आहे,” मुंगी म्हणाली, आणि भिंतीपाशी बाबाची छाती त्या छोट्या खुर्चीत मावेना. हे त्याचं होतं. त्याला हे त्याच्या वस्तादाने शिकवलं होतं, तेलकट अंधारात, वरून टॉर्च धरून: एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास आणि लिफ्ट चालू झाली, तर काय शिकलास? काही नाही. लिफ्ट अडकली की आतले लोक सगळी बटणं दाबत सुटतात, वर, खाली, घंटा, पंखा, आणि दारावर थापा मारतात. तू मात्र एकच बटण दाबायचंस आणि ऐकायचंस. हे त्याने मुंगीला जेवताना, बसची वाट बघताना, तिच्या वेण्या चुकीच्या घालताना सांगितलं होतं, आणि आता ती ऐकत होती, मान किंचित वाकडी करून, अगदी त्याच्यासारखी.

दार बरोबर आहे. वीज पोचतेय. मग राहिलं काय? त्याचं डोकं सवयीने पुढे धावलं, आणि वायरीपाशी येऊन असं आपटलं की त्याला खुर्चीत सरळ बसावं लागलं.

हे मी तुला जरा समजावून सांगतो, कारण गोष्ट इथेच अडकली आहे. या वायरीच्या आत, बाहेरून दिसत नाहीत अशा, आणखी बारीक तारा असतात. काही तारा वीज नेतात आणि काही बोलणं नेतात. पण काही वायरींमध्ये बोलणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. त्या नुसत्या चार्जिंगपुरत्या. बाहेरून दोन्ही सारख्या. तेच टोक, तोच रंग. मुंगीच्या घरी अशा वायरींचा गुंता फार, म्हणून बाबाने एक रीत पाडली होती. जी नुसती वीज नेते ती मुकी वायर, तिच्या टोकाशी दोऱ्याची एक गाठ. जी बोलणंही नेते ती बोलकी, तिला दोन गाठी. गाठ बांधायची ती बाबानेच. मुंगी खणात हात घालायची, अंगठ्याने गाठी मोजायची आणि वायर उचलायची. तिला कधी दुसऱ्यांदा हात फिरवावा लागला नव्हता. काल पट्टीच्या जुन्या वायरीचं तोंड सैल झालेलं त्याला दिसलं. परीक्षेच्या तोंडावर नको ती कटकट, म्हणून त्याने ती टाकून दिली आणि कामावरच्या नव्या टॉर्चसोबत आलेली वायर काढली. जाड होती, दणकट होती, टोकं चकाकत होती. पट्टीला लावली तर पट्टी थरथरली. ‘झालं काम,’ तो म्हणाला आणि त्याने दोन गाठी मारल्या. आई पदार्थाची चव बघते तसा तो दुरुस्त केलेल्या प्रत्येक लिफ्टमध्ये आधी स्वतः बसून वरखाली जाऊन यायचा, मग लोकांना आत घ्यायचा. परक्यांसाठी एवढं. आणि घरच्या माणसासाठी थरथर पुरली.

टॉर्चला बोलायचं काय असतं? टॉर्चला नुसती वीज लागते.

मुंगीची बोटं वायरीवरून निघाली होती. पट्टीकडच्या टोकापासून, हळू, कुठे पिचलीय का, कुठे चेपलीय का, असं बघत. त्याला वाटलं, आता. बोटं गाठींपाशी आली. थांबली. “दोन,” मुंगी म्हणाली, आणि बोटं पुढे निघून गेली, एखाद्या ओळखीच्या घरावरून न डोकावता जावं तशी. “वायर बरोबर आहे, सर. कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करू या?” सरांनी घड्याळाकडे बघितलं. “कर की. पण बाळ, हे महाशय उठायला वेळ लावतात हां.” पंखा घरघरला, थांबला, पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात बाबाला स्वतःचे गुडघे दिसले. शेजारच्या ताईने कागद नीट लावून घेतले आणि खुर्ची जराशी पुढे ओढली, आवाज होऊ नये म्हणून उचलून; ती चांगलीच मुलगी होती. खोलीत खडू, गरम प्लास्टिक आणि पुसलेल्या फरशीचा वास होता. त्याला एकच शब्द बोलायचा होता. खोकल्यातसुद्धा मावला असता. आणि तो बोलला असता तर सरांना कागदावर लिहावं लागलं असतं, मदत घेतली. आणि मग मुंगीच्या सगळ्या वाक्यांत पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या कुणाची तरी पाखरं उडत राहिली असती. त्याने खालचा ओठ दातांत धरला.

पण खरं दुखणं ते नव्हतं. मुंगी लहान होती तेव्हा एकदा तो तिला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत घेऊन गेला होता, जिन्याची शेवटची पायरी अजून व्हायची होती. तो खाली उभा राहून म्हणाला, “मार उडी,” आणि तिने मारली. किती उंच, खाली काय, काही विचारलं नाही. सरळ हवेत. त्याने झेललं तेव्हा तिच्या केसांत सिमेंटची धूळ होती आणि ती हसत होती. ती गोष्ट त्याने किती लोकांना सांगितली असेल! चहाच्या टपरीवर, लिफ्टच्या खोलीत, सासऱ्यांना तर दोनदा. ‘विचारलंसुद्धा नाही हो तिने!’ जगात तिला काही दिसत नाही, पण बाबा म्हणाला की तिथे जमीन आहे म्हणजे तिथे जमीन असते, याचा त्याला सणसणीत अभिमान होता; शर्टाच्या आत घालून फिरायचा तो हा अभिमान. बाबाची गाठ म्हणजे बाबाची गाठ, असं मुंगी आईला ठणकावायची. आणि आता तीच उडी त्याला वरून दिसत होती, आणि खाली तो उभा नव्हता, खाली टॉर्चची वायर होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की हिने आपलं ऐकू नये. मनातल्या मनात तो तिला विनवायला लागला: मुंगे, तुझा बाप गाढव आहे असं एकदा समजून बघ. फक्त एकदा. तुला शिकवलंय ना मी, सगळं तपासायचं. मग मला सोडून का तपासतेस?

कॉम्प्युटर उठला. तो निर्विकार आवाज म्हणाला, “ब्रेल पट्टी सापडली नाही.”

ताईने पेन्सिल उचलली. मुंगी आता पुटपुटलीही नाही, आणि तेच त्याला सगळ्यात वाईट वाटलं. तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी धावत गेलं, कुणीतरी ‘धावू नका’ म्हणून ओरडलं. मुंगीचा उजवा हात परत वायरीकडे गेला. या वेळी बोटं सरळ गाठींवर गेली, आणि तिने त्या नखाने चाचपल्या, मोजायला नव्हे. मोजून झाल्या होत्या. दोरा कुठला, गाठ कशी, हे तिला पाठ होतं.

“काय गं?” सर म्हणाले.

“सर, या दोन गाठी बाबाने बांधल्यात.”

“बरं, मग?”

“मग मी धरून चाललेय की वायर बोलकी आहे. म्हणजे बाकी सगळं मी स्वतः बघितलं, आणि वायर नाही बघितली. तिच्या नुसत्या गाठी बघितल्या.” ती थांबली. तिचा कान लाल झाला होता. तो तिचा डावा कान, खोटं बोलायच्या आधी किंवा कुणाचं मन दुखवायच्या आधी लाल होणारा. “बाबा चुकत नाही तसा. पण चुकला असेल तर?”

भिंतीपाशी खुर्ची कर्र वाजली.

“दुसरी वायर आहे का, सर?”

“माझ्या फोनची आहे, टोक तेच दिसतंय. पण ती चार्जिंगची गं.”

“ती तुमच्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर आणते?”

“आणते ना. बायको दर सहलीनंतर छळते त्यासाठी.”

“मग ती बोलते,” मुंगी म्हणाली. “द्या.”

तिने दोन गाठींची वायर काढून बाजूला ठेवली. सरांची वायर पट्टीत खोचली. थरथर. दुसरं टोक हातात धरून ती क्षणभर थांबली. मग खाच शोधली, त्याच जागी, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बसवलं. दोन सूर वाजले. खालचा, मग वरचा. पट्टीवरच्या सगळ्या टाचण्या एकदम वर आल्या, पत्र्यावर बारीक रेव पडावी तसा आवाज झाला, आणि तो निर्विकार आवाज म्हणाला, “ब्रेल पट्टी जोडली आहे.” ताईने पेन्सिल खाली ठेवली आणि टाळी वाजवायला हात जवळ आणले, मग परीक्षा आहे हे आठवून ते तसेच मांडीवर दाबून धरले.

बाबाला वाटलं होतं, सुटलो असं वाटेल. पण आत जे चढत होतं ते सुटल्यासारखं नव्हतं. ते शाफ्टमधून लिफ्टचा पिंजरा वर येताना वारा येतो तसं होतं, खालून, आधी पायांना, मग पोटाला, मग तोंडावर. त्या जिन्याच्या गोष्टीचा अभिमान त्याला आता लहान वाटला, वाढलेल्या मुलाच्या सदऱ्यासारखा. हिने आज विचारलं. खाली जमीन आहे का, हे हिने पाय टाकून बघितलं, आणि तेही जिथे आपल्या बापाने छातीवर हात ठेवून ‘आहे’ म्हटलं होतं तिथे. तिला ते जड गेलं होतं. कान अजून लाल होता. जड गेलं तरी केलं. हे कुणाला सांगायचं? टपरीवर काय सांगणार, ‘आज माझ्या पोरीचा माझ्यावर विश्वास बसला नाही हो’? त्याला हसू यायला लागलं. हो, हेच सांगायचं. याच शब्दांत सांगायचं, आणि समोरच्याने ‘हं’ म्हणून पाना मागितला तरी शेवटपर्यंत सांगायचं.

“आता बोललं तर चालेल ना, सर?” मुंगीने विचारलं.

“आता काय गाणं म्हण.”

“बाबा, ही मुकी आहे.”

“हो,” बाबा म्हणाला.

“त्या नव्या टॉर्चची?”

“टॉर्चची. बघायला फार दणकट होती गं.”

“बघायला!” मुंगी म्हणाली, आणि अशी खदखदून हसली की सरांनाही तोंडावर हात धरावा लागला. मग ती गंभीर झाली. “घरी जाऊन सगळ्या वायरी काढायच्या. मी लावून बघणार आणि गाठी मी मारणार. तू दोरा धर.”

“धरतो,” बाबा म्हणाला. कंपनीच्या मोठ्या साहेबाने त्याला एकदा सगळ्या इमारतींच्या लिफ्ट सोपवल्या होत्या, तेव्हाही त्याला इतकं काही मिळाल्यासारखं वाटलं नव्हतं.

घंटा झाली. सरांनी कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका उघडली. “तुम्ही बसलात तरी चालेल,” ते बाबाला म्हणाले, “यंत्राचं काही निघालं तर असावं कुणी. नियमात बसतं.” त्याला बसायचं होतं. त्याला तिची बोटं त्या टाचण्यांवरून चालताना बघायची होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. गुडघे मोडले असते तरी चाललं असतं.

“नको,” मुंगी म्हणाली. “बाबा, तू बाहेर जा. खुर्ची वाजते तुझी.”

तो उठला तेव्हा खुर्चीही थोडी त्याच्याबरोबर उठली. त्याने ती दोन्ही हातांनी अंगावरून उतरवली आणि भिंतीला नीट लावून ठेवली. दाराशी जाऊन त्याने मागे बघितलं. ती त्याच्याकडे तोंड करून असेल, काही म्हणेल, ‘लिहू का’ म्हणून विचारेल, असं त्याला वाटलं होतं. दार अजून लागायचं होतं. मुंगीने दोन्ही हात पट्टीवर ठेवले, प्रश्नाची पहिली ओळ बोटांनी वाचली, कशाला तरी एकटीच हसली, आणि लिहायला लागली.